‘जातो’ म्हणणारे साहेब

निघताना ‘जातो’ म्हणणारा मनुष्य मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या भागात असे कोणी म्हणत नाही. मयताच्या घरून माणूस न बोलता उठतो. बाकी सर्वत्र ‘येतो’ म्हणायचे आणि समोरच्याने ‘या’ म्हणायचे, हा रिवाज शिकवावा लागत नाही. हे गृहस्थ मात्र चहाच्या टपरीवरून उठताना, लग्नाच्या मांडवातून निघताना, एवढेच काय, आजाऱ्याच्या खाटेजवळून उठतानाही स्पष्ट आवाजात ‘जातो’ म्हणत आणि वळून चालू लागत. एकदा नवरीच्या मावशीने त्यांना मांडवाच्या दारात अडवले होते.

‘‘साहेब, जा लागते तं जा. पन तोंडानं काऊन म्हनता?’’

‘‘जे करतो आहे तेच म्हणतो, बाई,’’ ते म्हणाले, आणि गेले.

गावाने त्याचा अर्थ असा लावला की हा मनुष्य फार वर्षे परदेशात राहिला आणि मराठी विसरला. माझाही बराच काळ तोच समज होता. तो चुकीचा होता. त्यांच्याविषयी माझे इतर समज बरोबर होते की नाही, हे आजही मला सांगता येत नाही.

मी खामगावच्या न्यायालयात भाषांतरकार होतो. मराठी कागदांचे इंग्रजी करणे आणि इंग्रजीचे मराठी करणे, हे काम मी अडतीस वर्षे केले. साक्षीदार जे बोलला तेच लिहायचे, त्याला काय म्हणायचे असावे ते लिहायचे नाही, हा आमचा नियम. निवृत्तीनंतर अमडापूरला आलो. घराच्या दर्शनी दोन खोल्या रिकाम्या होत्या. त्या साहेबांनी किरायाने घेतल्या.

ते आले ते चिखलीच्या एस.टी.ने, दुपारी. सोबत तीन ट्रंका आणि एक घडीची खुर्ची. वय सत्तरीच्या पुढे, अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, वरचे बटण लावलेले. मी सवयीप्रमाणे विचारपूस केली.

‘‘गावात कोणी नातेवाईक?’’

‘‘नाही. आम्ही खामगावचे. वडील जिनिंगमध्ये कारकून होते.’’

‘‘इथे शेती?’’

‘‘नाही.’’

‘‘मग अमडापूरच का?’’

‘‘पत्ता लक्षात राहिला होता,’’ ते म्हणाले.

हे उत्तर मला समजले नाही. न समजलेल्या उत्तरावर पुढचा प्रश्न विचारावा, हे वकिलाचे काम. मी भाषांतरकार. मी किल्ली दिली.

ते पूर्वी कोण होते, याविषयी गावात तीन मते होती आणि तिन्ही त्यांच्याच तोंडची होती. मला त्यांनी सांगितले की ते परराष्ट्र सेवेत होते आणि चार देशांतल्या वकिलातींत त्यांनी काम केले. सरपंचांना सांगितले की ते दिल्लीच्या एका इंग्रजी वर्तमानपत्रात संपादकीय लिहीत. शाळेच्या मुख्याध्यापकांना सांगितले की ते विद्यापीठात शिकवीत आणि परदेशी मजुरीला जाणाऱ्या लोकांवर त्यांचा ग्रंथ आहे. टपालही तसेच येई. एका पाकिटावर ‘माननीय’, दुसऱ्यावर ‘संपादक महोदय’, तिसऱ्यावर ‘डॉक्टर’. पोस्टमनने एकदा सायकल भिंतीला टेकवून मला विचारले, ‘‘काका, तुमच्या समोरच्या खोलीत मान्सं किती राह्यतात? नियमाप्रमानं मले वेगयी डाक वेगयी द्या लागते.’’

तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या, एकामागून एक घडलेल्या. पण एक सोडून दुसरी का धरली, याचे कारण ते दर वेळी निराळे देत. परराष्ट्र सेवा सोडण्याचे कारण मला सांगितले ते डोळ्यांचा विकार. माझ्या पत्नीला सांगितले, आईचे आजारपण. सरपंचांना सांगितले, वरिष्ठांशी मतभेद. मी एके दिवशी ही तिन्ही कारणे त्यांच्यापुढे ठेवली. ते रागावले नाहीत.

‘‘तिन्ही कागदोपत्री आहेत,’’ ते म्हणाले.

‘‘खरे कोणते?’’

‘‘मी कागदोपत्री म्हणालो.’’

तिन्ही धंद्यांच्या सवयी त्यांच्या अंगात एकाच वेळी नांदत होत्या आणि त्यांचे आपसात पटत नसे. वर्तमानपत्रवाल्याची सवय अशी की दोन माणसांनी सांगितल्याखेरीज कोणतीही गोष्ट खरी मानायची नाही. माझी पत्नी एका सकाळी म्हणाली, ‘‘साहेब, आज चहा उशिरा भेटन, दूध नासलं.’’ त्यांनी विचारले, ‘‘आणखी कोणी पाहिलं?’’ तिने भांडे उचलून त्यांच्या नाकापुढे धरले. ‘‘आता झाले ना दोन?’’ त्यांनी वास घेतला, मान डोलावली आणि चहा उशिरा घेतला.

विद्वानाची सवय तळटिपांची. बोलता बोलता ते थांबत, उजव्या हाताचे बोट जमिनीकडे करीत आणि खालच्या आवाजात काही जोडत. कापसाच्या भावाविषयी बोलताना बोट खाली जाई आणि इजिप्तमधल्या कापसाचे चार शब्द येत. मग बोट वर येई आणि मूळ वाक्य पुढे चाले. टपरीवाला रमेश म्हणे, ‘‘साहेब, वरचं समजलं. खालची तयटीप राहू द्या, दुसरी गिऱ्हाइकं उभी आहेत.’’

राजनयाची सवय सर्वांत घातक ठरली. गावात पाण्याची टाकी कोठे बांधायची यावरून दोन तट पडले होते. ग्रामपंचायतीने साहेबांना मध्यस्थ नेमले. ते तीन दिवस दोन्हीकडे बसून आले आणि त्यांनी एक ठराव लिहिला. दोन्ही तटांनी तो ऐकला, दोघांनाही तो आपल्या बाजूचा वाटला आणि दोघांनीही आनंदाने सह्या केल्या. टाकी कोठे बांधायची ते आजतागायत ठरलेले नाही. सरपंच कधीकधी तो ठराव घेऊन माझ्याकडे येत. ‘‘तुमी कोर्टातले, पाहा बरं, ह्याच्यात काय लिवलं आहे.’’ मी दोनदा वाचला. भाषा निर्दोष होती. अर्थ सापडला नाही.

संध्याकाळी ते फिरायला निघत. चौकातून विहाराच्या गल्लीपर्यंत जात, गल्लीच्या तोंडाशी क्षणभर थांबत आणि परत येत. चार वर्षांत त्यांनी ती गल्ली कधी ओलांडली नाही. एवढे चालणे त्यांना डॉक्टरांनी सांगितले असेल, असे मला वाटे.

त्या गल्लीत गयाबाई राहत. अंगणवाडीत मदतनीस होत्या, आता निवृत्त. त्यांचा मुलगा मिलिंद जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. मिलिंद दोन वर्षांचा असताना त्याचे वडील, सुखदेव, वाळवंटातल्या एका देशात बांधकामाच्या मजुरीला गेले. तिथे कागदपत्रांच्या कारणावरून त्यांना अटक झाली. मग त्या देशात युद्ध सुरू झाले. त्यानंतर सुखदेवचे काही कळले नाही. या गोष्टीला तीस वर्षांहून अधिक काळ झाला होता. गावाला ती माहीत होती आणि गाव ती विसरलेही होते.

एके दिवशी मिलिंद एक अर्ज लिहून घेण्यासाठी माझ्याकडे आला. साहेब ओसरीत आपल्या घडीच्या खुर्चीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते.

‘‘काका, बाबाचं कोर्टातून लिहून घेता येते का? बेपत्ता मान्सासाठी काही कायदा आहे म्हन्ते.’’

मी म्हणालो, सात वर्षे ज्याची खबर नाही त्याला कायदा मृत समजू शकतो. अर्ज करता येईल. इतकी वर्षे का केला नाही?

‘‘आई करू देत नाही. आता तिच्या डोयाले दिसून नाही राह्यलं. म्हन्ते, माह्या डोयादेखत त्यायचं पुण्यानुमोदन झालं पाह्यजे, मी गेल्यावर कोन करन. पन दुसऱ्याच दिशी म्हन्ते, जित्या मान्साचं पुण्यानुमोदन कसं करावं? दोन वर्षांपासून हेच चालू आहे. कोर्टाचा कागद दाखवला तं मानन, असं मले वाटते.’’

पुण्यानुमोदन म्हणजे गेलेल्या माणसाच्या नावाने बौद्धांत करतात तो विधी. मी विचारले, ‘‘जिवंत आहेत असे त्या कशावरून म्हणतात?’’

त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले पत्र काढले. सुखदेवचे शेवटचे पत्र. अक्षर सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचे, सरळ. मी ते मोठ्याने वाचले. ‘आज आपल्याकडचे एक साहेब भेटून गेले. खामगावचे आहेत. आपल्यासारखे बोलतात. येतो म्हणून गेले. काळजी करू नये.’

‘‘आई म्हन्ते, साहेब येतो म्हन्ले व्हते. म्हंजे ते आले असतीन. आनलं असन तं कुठं ना कुठं असतीन.’’

वर्तमानपत्राची घडी पडल्याचा आवाज झाला. साहेब उठून आपल्या खोलीत गेले. ट्रंकेची कडी वाजली. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि त्यांनी एक जुनी फाइल माझ्यासमोर ठेवली.

‘‘यात तीन कागद आहेत. इंग्रजीत आहेत. यांचं मराठी करा,’’ ते मला म्हणाले. मग मिलिंदकडे न पाहता म्हणाले, ‘‘तो साहेब मी. आईंना सांगा, आठ दिवसांनी येईन.’’

मिलिंदने ते पत्र काळजीपूर्वक पिशवीत घातले आणि तो गेला. मला त्या वेळी एवढेच उमगले, की ‘पत्ता लक्षात राहिला होता’ याचा अर्थ काय.

मी आठ दिवस ते तीन कागद घेऊन बसलो. तिन्ही एकाच भेटीविषयी होते आणि तिन्ही त्यांनीच लिहिलेले होते.

पहिला सरकारी अहवाल. त्याच आठवड्यातला. त्यात कर्ता कोठेच नव्हता. ‘अटकेतील नागरिकाची भेट घेण्यात आली. प्रकृती समाधानकारक आढळली. पुन्हा भेटीचे आश्वासन देण्यात आले. दुसऱ्या दिवशी पहाटे कचेरी बंद करण्याचा आदेश प्राप्त झाल्याने पुढील कार्यवाही होऊ शकली नाही.’ भेट वीस मिनिटांची.

दुसरा वर्तमानपत्रातला लेख, त्यानंतर काही वर्षांनी छापलेला. त्यात भेट तासाभराची झाली होती. गजांतून आलेला हात होता, डोळ्यांत पाणी होते, पहारेकरीसुद्धा मान फिरवीत होता. लेखक कैद्याला म्हणतो, मी उद्या येतो. आणि सकाळी तोफा सुरू होतात.

तिसरा संशोधनपर निबंध. त्यात सुखदेवचे नाव नव्हते. ‘माहितीदाता क्रमांक सात’ असा उल्लेख होता. शेवटी तळटीप होती. सैन्य पोहोचण्यापूर्वी तुरुंग रिकामा करण्यात आला. एका साधनानुसार कैदी सरहद्दीकडे चालत गेले. दुसऱ्या साधनानुसार ते तिथे पोहोचले नाहीत. लेखकास यापैकी कोणतेही साधन तपासून पाहता आलेले नाही.

भाषांतर करताना मी पहिल्या कागदाच्या ‘आश्वासन’ या शब्दाशी अडलो. मी त्यांना बोलावले.

‘‘तुम्ही त्याला कोणत्या भाषेत आश्वासन दिलं?’’

‘‘मराठीत.’’

‘‘नेमके शब्द सांगा.’’

‘‘येतो.’’

‘‘आणखी?’’

‘‘आणखी काही नाही. वेळ संपली. पहारेकरी किल्ल्या वाजवत होता. मी उठलो आणि म्हणालो, येतो.’’

‘‘हे आश्वासन नाही. हा निरोप आहे.’’

‘‘हो.’’

‘‘मग अहवालात आश्वासन का लिहिलं?’’

‘‘अहवाल इंग्रजीत लिहायचा होता. इंग्रजीत ‘येतो’चा अर्थ खरोखर परत येतो असाच होतो. त्या रात्री त्याचा मसुदा लिहिताना मला पहिल्यांदा कळलं, मी काय बोलून आलो ते. पहाटे आम्हाला निघायला सांगितलं. तुरुंगाचा रस्ता उलट दिशेला होता. गाडी मला मिळाली असती. मी मागितली नाही.’’

‘‘म्हणजे तुम्ही वचन दिलं नव्हतं.’’

‘‘ते मला तीस वर्षं ठरवता आलेलं नाही,’’ ते म्हणाले. ‘‘सरकारी माणूस होतो तेव्हा वाटलं, दिलं. पेपरात गेलो तेव्हा वाटलं, दिलं आणि मोडलं. मग शिकवायला लागलो, तिथे लोक म्हणाले, हा तर केवळ एक भाषिक संकेत आहे. त्यावर मी चौदा पानं लिहिली. छापून आली त्या दिवशी मी तो शब्द सोडला.’’

त्यांच्या ‘जातो’चा उलगडा मला असा झाला. तो झाला म्हणून मनुष्य समजला असे नाही. ज्या बाईच्या गावाचा पत्ता त्यांनी सरकारी फाइलीतून पाठ केला, तिच्या गावात येऊन चार वर्षे तिच्या गल्लीच्या तोंडावरून परत फिरणारा हा मनुष्य भित्रा होता की सभ्य, हे मी माझ्या पत्नीला विचारले. ती तांदूळ निवडत होती.

‘‘दोन्ही असन,’’ ती म्हणाली. ‘‘तुमाले एकच काऊन पाह्यजे?’’

ठरल्या दिवशी सकाळी आम्ही दोघे गयाबाईंच्या घरी गेलो. साहेबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. गल्लीच्या तोंडाशी ते थांबले. मी थांबलो नाही. मग तेही आले.

खोली स्वच्छ सारवलेली होती. समोरच्या भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, बाजूला सुखदेवचा पासपोर्टच्या आकाराचा फोटो मोठा करून लावलेला. त्याला हार नव्हता. गयाबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मोतीबिंदूमुळे त्यांची नजर आमच्या थोडी बाजूला पडत होती.

‘‘जयभीम, बाबूजी. दुसरे साहेब का?’’

‘‘जयभीम,’’ साहेब म्हणाले. मिलिंदने दोन खुर्च्या दिल्या.

‘‘मले एकच इचारायचं आहे,’’ गयाबाई म्हणाल्या. ‘‘हायेत का नाही. बाकी तुमी लय शिकले, तुमाले लय सांगता येत असन.’’

‘‘मला माहीत नाही,’’ साहेब म्हणाले. ‘‘जे माहीत आहे ते या कागदांत आहे.’’

‘‘मंग वाचा.’’

मी पहिला कागद वाचला. त्या मान किंचित कलती करून ऐकत होत्या.

‘‘हे कोनं लिवलं? सरकारनं?’’

‘‘साहेबांनीच.’’

‘‘पन ह्याच्यात तं कोनीच नाही. कोन भेटलं, कोनाले भेटलं, काहीच दिसत नाही.’’

मी दुसरा वाचला. हाताचा आणि अश्रूंचा भाग आला तेव्हा त्यांनी मला थांबवले.

‘‘बाबूजी, मिलिंदचे बाबा कोनाचा हात धरून रडनारे नव्हते. माह्या लग्नात माह्या बापानं हात धरला त्यायचा, तं सोडवून घेतला. ह्याच्यात साहेब रडले असतीन.’’

साहेब जमिनीकडे पाहत होते. मी तिसरा वाचला. चौदा पानांतली मी दोनच केली होती.

‘‘सातवा नंबर म्हंजे?’’

‘‘तेच. सुखदेव.’’

‘‘नाव काऊन नाही देलं?’’

साहेब म्हणाले, ‘‘संशोधनात नाव देत नाहीत. त्या माणसाला त्रास होऊ नये म्हणून.’’

‘‘आता कोन्ता तरास व्हयाचा राह्यला, साहेब.’’

मिलिंद म्हणाला, ‘‘आई, तू उगाच साहेबाले टोचू नको.’’

‘‘मी टोचून नाही राह्यली, बे. मी समजून घेऊन राह्यली.’’ त्यांनी पदर सारखा केला. ‘‘साहेब, तिन्ही कागद झाले. आता मले सांगा. वेय सरली. तुमी उठले. तुमी म्हन्ले, येतो. मंग हे काय म्हन्ले?’’

मी हातातले कागद उगाच चाळले. त्यात ते नव्हते. तिन्ही कागदांत साहेबांचे शब्द होते, सुखदेवचे उत्तर एकातही नव्हते. अहवालात नव्हते, लेखात नव्हते, तळटिपेत नव्हते. मी आठ दिवस ते कागद उलटेसुलटे केले होते, आणि ‘येतो’ आहे पण त्याला उत्तर नाही, ही उणीव माझ्या लक्षात आली नव्हती. आमच्याकडे ‘येतो’ला उत्तर असते. समोरचा ‘या’ म्हणाला, तर तो निरोप झाला, दोघांनाही कळले, गोष्ट संपली. समोरच्याने ‘कधी’ म्हणून विचारले, तर त्याने तो शब्द खरा धरला. गयाबाईंनी त्याच एका अक्षरावर बोट ठेवले होते. सुखदेव त्या कोठडीत साहेबांची वाट पाहत राहिला की नाही, हे त्या उत्तरावर ठरणार होते.

बाहेर कोणा बाईने नळाखाली घागर ठेवली, ती भरली, वाहू लागली, तिने ती उचलली आणि दुसरी ठेवली, तीही भरली. मिलिंदने एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. मी पुढचे भाषांतर शोधत असल्यासारखा कागदात पाहत राहिलो.

मग साहेब बोलले. चार वर्षांत मी त्यांच्या तोंडून वऱ्हाडी शब्द ऐकला नव्हता.

‘‘म्हन्ले, हाव, या मंग. रस्ता चांगला नाही, म्हन्ले, उजेड आहे तवर पोचा.’’

गयाबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले. तो शब्द त्यांनी बहुधा स्वतःशी म्हणून पाहिला.

‘‘मंग त्यायले ठाऊक व्हतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘तुमी निंगाले, हे त्यायले ठाऊक व्हतं. ते वाट पाहून नव्हते राह्यले.’’ थोडे थांबून त्या म्हणाल्या, ‘‘मीच पाहून राह्यली व्हती.’’

मग त्यांनी मुलाला हाक मारली.

‘‘मिलिंद, भंतेजीले फोन लाव. कवा जमते ते इचार.’’

‘‘आई, पत्रिका छापा लागन. तारीख कोन्ती टाकू बाबाची?’’

‘‘साहेब निंगाले तो दिवस.’’

‘‘त्या दिवशी ते जिवंत होते,’’ साहेब म्हणाले.

‘‘असतीन. तुमाले दुसरा कोन्ता दिवस माहीत आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग तोच टाक, मिलिंद. साहेबाजवळ लिवून असन.’’

परतताना मी अर्धा रस्ता स्वतःला आवरले. मग विचारले, ‘‘तो खरोखर ‘या’ म्हणाला?’’

ते चालत राहिले. ‘‘तुम्हाला काय वाटतं?’’

‘‘मला वाटण्याचा प्रश्न नाही. साक्षीदार तुम्ही.’’

‘‘मग साक्ष झाली,’’ ते म्हणाले.

पुण्यानुमोदन महिनाभराने झाले. विहारासमोर मांडव होता, गाव आले होते. आमच्याकडे अशा वेळी जाणत्या माणसांना गेलेल्या माणसाविषयी चार शब्द बोलायला सांगतात. मिलिंदने साहेबांचे नाव पुकारले. लोक सावरून बसले, कारण साहेब उभे राहिले की अर्धा तास जाई. ते माइकसमोर उभे राहिले. त्यांनी सुखदेवचे नाव वडिलांच्या नावासह घेतले. मुक्काम पोस्ट अमडापूर, तालुका चिखली, असा पूर्ण पत्ता सांगितला. आणि खाली बसले. सरपंच माझ्या कानाशी म्हणाले, ‘‘तब्येत बरी नाही वाटते.’’

तब्येत बरी होती. ते त्यानंतर दीड वर्ष जगले. विहाराची गल्ली त्यांना आता परकी राहिली नव्हती. गयाबाईंकडे जाऊन ते त्यांना रोजचे वर्तमानपत्र वाचून दाखवीत. त्या मध्येच थांबवून ‘‘हे खरं आहे का पेपरातलं?’’ असे विचारीत आणि ते ‘‘आणखी कोणी सांगितलं नाही अजून’’ असे उत्तर देत. दोघांचे काय जमले होते, ते मला कळले नाही. मी विचारलेही नाही.

ते गेल्यावर त्यांचा पुतण्या येऊन ट्रंका घेऊन गेला. साहेबांच्या कागदांचा संग्रह एका संस्थेला द्यायचा आहे, असे त्याने सांगितले आणि त्या भेटीसंबंधी सर्व मजकूर माझ्याजवळ असल्यास मागितला. मी तिन्ही भाषांतरे दिली. प्रत्येकाखाली, जन्मभर लिहीत आलो ते वाक्य लिहिले, की हे भाषांतर खरे व अचूक आहे, आणि सही केली.

‘‘एवढंच का?’’ त्याने विचारले.

‘‘लेखी एवढेच,’’ मी म्हणालो.

त्या सकाळचे उत्तर कोणत्याही कागदावर नाही. ते खरे असेल, तर तीन वेळा लिहूनही त्यांनी ते का गाळले, याचा मला उलगडा होत नाही. ते खोटे असेल, तर त्या उजेडाच्या आणि रस्त्याच्या गोष्टी त्यांना ऐनवेळी कोठून सुचल्या, याचाही होत नाही. उत्तर देण्यापूर्वी दोन घागरी भरून होईपर्यंत ते गप्प होते, एवढे मी शपथेवर सांगू शकतो. आठवायला वेळ लागतो. रचायलाही लागतो. दोन घागरींचा वेळ यांपैकी कशाला लागतो, ते मला ठाऊक नाही.